पाचवी गुंफ

लाडक्याकडे दोर तयार मिळत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आता कुणालाही वाटतं की दोर म्हणजे बाजारातून हातानं मोजून आणायची वस्तू. दाभोशाच्या पाड्यावर, नदीच्या वरच्या अंगाला लाडक्याचं कुडाचं घर होतं. तिथे जाऊन नुसतं ‘दोर दे’ म्हटलं तर तो मान वर करूनही बघत नसे. कोण चढणार, ते आधी सांगायचं. मग त्या माणसानं स्वतः यायचं, अंगणात उभं राहून दोन्ही हात पसरायचे. या हाताच्या टोकापासून त्या हाताच्या टोकापर्यंत त्याची वाव होई, आणि दोर तिच्याच मापानं वळला जाई. लाडक्याची स्वतःची वाव तिथे चालत नसे. नंतर कमरेचा घेर, मांडीचा घेर, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी. आणि सगळ्यात शेवटी लाडक्या त्या गड्याला पाठकुळी घेऊन अंगणाला एक फेरी मारी. वजन कळायला दुसरा तराजू त्याच्याकडे नव्हता.

जव्हारच्या एका मिशाळ गड्याला ही पाठकुळी फार लागली. बायकापोरं दात काढत होती. तो म्हणाला, मी काय नवरदेव आहे? लाडक्यानं त्याला खाली ठेवलं आणि सांगितलं, “आज माझ्या पाठीवं लाजशील, उंद्या माझ्या दोरावं जगशील. बस गपगुमान.” गडी बसला.

संस्थानी काळातल्या या गोष्टी. तेव्हा झाडावर चढल्याशिवाय कुणाचं घर चालत नव्हतं. भाताचं रोप करायच्या जागेवर राब भाजायचा, तर ऐनाच्या फांद्या खांडायला वर चढायचं. मधाला चढायचं, हिरड्याला चढायचं. एखादं वठलेलं खोड घरावर येणार असलं की शेंड्याकडून तुकड्यातुकड्यानं उतरवायचं. मोखाड्यापासून जामसरपर्यंतचे चढणारे गडी दोरासाठी दाभोशाची वाट चालत येत. त्यांच्या कमरेचे पट्टे, पायात अडकवायचे फास, कोयता लोंबकळत ठेवायची दोरी, सगळं लाडक्याच्या हातचं. आता तो पाडाही हलला आणि ते ऐनही गेले. पण त्या अंगणात वाळत घातलेल्या सालींचा आंबूस वास ज्यांनी घेतला होता, त्यांना तो मरेपर्यंत आठवत राहिला.

साल केवणीची, रानात वाढणाऱ्या एका झुडपाची. पाऊस सरता सरता काठ्या तोडायच्या, साल सोलून नदीच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायची. कुजून मऊ पडली की धुऊन, झोडून, वाळवून तिचा वाख निघे. वाख मांडीवर वळला की सुतळी, सुतळ्यांचा पेड, आणि तीन पेडांचा दोर. सुतळी एकट्यानं होते, दोर मात्र एकट्यानं होत नाही. एकानं ढेरा फिरवायचा, म्हणजे ती लाकडाची फिरकी, आणि दुसऱ्यानं अंगणाच्या त्या टोकाला ताण धरून उभं राहायचं. पीळ बसत जातो तसा दोर आखडतो, ताण धरणाऱ्यानं त्याच्याबरोबर पावलापावलानं पुढे सरकायचं. ताण ढिला पडला की दोरात गाठी उठतात, जास्त झाला की पेड चिरडतात.

लाडक्याच्या दोराचा ताण फागी धरी. शेजारच्या घरची पोर, दहा वर्षांची असल्यापासून. आधी खेळ म्हणून आली, मग सवयीनं येत राहिली. दुपारची कामं उरकली की फागी अंगणाच्या त्या टोकाला आणि लाडक्या या टोकाला, मधे दोर. दोघं फारसं बोलत नसत. बोलायची गरजच पडत नसे, कारण तिचा हात जरा सैल पडला तरी त्याच्या हाताला कळे, आणि त्याचं मन कुठे भरकटलं की तिला. “कठं गेला व्हतास?” असं ती त्या टोकावरून विचारी आणि तो ओशाळून हसे. फागीसारखा ताण पुन्हा कुणाला धरता आला नाही, असं लाडक्या म्हणे. म्हणे म्हणजे एवढंच म्हणे. पुढे काही बोलायचं असलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

आणि हेच त्याला भोवलं. लाडक्याची आई रुपी शहाणी बाई. पोरगी वयात आली तशी ती म्हणाली, जा, त्यांच्या घरी बोल, नाहीतर मी बोलते. लाडक्या म्हणाला, लावणी होऊ दे. लावणी झाली. मग म्हणाला, कापणी होऊ दे. ज्या माणसाला केवणीची काठी कधी तोडायची ते बोटाच्या पेरावर ठाऊक होतं, त्याला एवढं साधं वेळेचं गणित जमू नये, याला काय म्हणावं! कापणी अर्धी झाली तोवर जामसरहून पोश्याच्या घरची माणसं येऊन बोलणी करून गेली. फाल्गुनात फागीचं लग्न झालं. मांडवाचे खांब बांधायला दोर लाडक्यानंच दिले.

पोश्या म्हणजे त्या मुलखातला एक नंबरचा चढणारा. हडकुळा, लांब हातांचा, आणि हसला की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागत इतका मोठ्यानं हसणारा. त्याच्यात नाव ठेवायला जागा असती तर लाडक्याला फार बरं वाटलं असतं. पण नव्हती. पोश्या दारू बेतानं पिई, बायकोला मारत नसे, आणि झाडावरून उतरला की आधी झाडाच्या पाया पडे.

लग्नानंतरच्या पहिल्या कार्तिकात पोश्या दोर करायला आला. अंगणात हात पसरून उभा राहिला. लाडक्यानं वाव मापली, कंबर मापली, आणि फागीच्या नवऱ्याला पाठकुळी घेऊन अंगणाला फेरी मारली. लाकडाच्या भाऱ्याहून हलका होता. पण ती फेरी लाडक्याला फार लांब वाटली.

मग धाग्याची वेळ आली. चढणाऱ्याच्या दोराला टोकाशी एक कडी असते, दोराचीच केलेली. ती कमरेच्या पट्ट्याला अडकते आणि माणसाचा सगळा भार तिच्यावर येतो. ही कडी गाठ मारून करत नाहीत. दोराचं टोक उकलून, त्याचे तीन पेड परत दोरातच शिरवून गुंफतात. असं पाच वेळा. तीन गुंफी झाल्या की थांबायचं आणि चढणाऱ्याच्या घरधनिणीच्या लुगड्याचा एक धागा आत घालायचा. लग्न झालेलं नसलं तर आईचा. वरचा माणूस खालच्या घराला बांधलेला राहावा, म्हणून. मग उरलेल्या दोन गुंफी. त्यावर मेण चोळून बारीक सुतळी इतकी घट्ट गुंडाळायची की धागाही दिसू नये आणि गुंफीही. लाडक्याच्या बापानं असंच केलं होतं, त्याच्याही बापानं.

“धागा?” लाडक्यानं विचारलं.

पोश्यानं कमरेच्या पंच्यातून हिरवा धागा काढून दिला. लाडक्यानं तो बोटात धरला आणि बराच वेळ नुसता बसून राहिला. पोश्या तेव्हा नदीकडे बघत होता, किंवा बघत असल्यासारखं करत होता.

चढण्याचा दोर एक वर्ष वापरतात. मग तो गुरं बांधायला जातो. त्यामुळे दर कार्तिकात पोश्या येई, आणि दर वर्षी एक धागा येई, कधी हिरवा, कधी तांबडा. अशी बारा वर्षं गेली. या बारा वर्षांत लाडक्यानं लग्न केलं नाही. आई सांगून सांगून थकली आणि शेवटी गेली. तिच्यानंतर ताण धरायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यानं अंगणाच्या त्या टोकाला ऐनाचा खुंटा पुरला आणि दोराचं टोक त्याला बांधायला लागला. खुंटा पुढे सरकत नाही. म्हणून लाडक्या थोडा पीळ द्यायचा, उठून जायचा, गाठ सैल करायचा, परत यायचा. एका दोराला दोन दिवस लागायचे तिथे चार लागू लागले.

पोश्या दुसऱ्या कुणाच्या दोराला हात लावत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. लोक म्हणत, गडी माजलाय. एकदा जंगलच्या ठेकेदारानं त्याला मुंबईच्या गोदीतला काथ्याचा सोल देऊ केला होता. मनगटाएवढा जाड, हत्ती बांधावा असा. पोश्यानं तो हुंगला आणि परत दिला. “बैलाला बांदा,” म्हणाला. हे लाडक्याच्या कानावर आलं तेव्हा त्याला अभिमान वाटला आणि लाजही वाटली. दोन्ही एकदम का वाटावं, ते त्याला उलगडलं नाही.

मानमोडीचा ताप येऊन माणसं पटापट गेली, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जव्हारला कचेरीच्या मागे एक जुना रायवळ आंबा होता. त्याची एक फांदी बैलगाडीच्या साटीएवढी जाड, थेट कचेरीच्या कौलांवर आलेली. वीज पडून ती बुडाशी चिरली होती, आणि त्यात त्या साली आंब्यानं फळ धरलं होतं म्हणता किती! पावसाळ्यात फांदी कोसळणार आणि कचेरीचं छप्पर घेऊन जाणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. हुकूम निघाला की पावसाआधी फांदी उतरवायची, पण कौल फुटता कामा नये. म्हणजे कुऱ्हाड घालून पाडायची सोय नाही. वर चढून, दोरानं बांधून, तुकडे करत हळूहळू खाली सोडायची. एक दोर फांदीला, एक दोर माणसाला. माणूस कोण, हे विचारायचं कारणच नव्हतं.

पोश्याचा त्या वर्षीचा दोर राबाच्या खांडणीत घासून झिजला होता. त्यानं निरोप धाडला की नवीन पाहिजे, आठ दिवसांत. माप तेच. वजनही तेच, पाठीवर घ्यायची गरज नाही.

लाडक्यानं दोन दोर वळायला घेतले. सहाव्या दिवशी दुपारी फागी आली.

ती माहेरी आलेली असली तरी या अंगणात येत नसे. बारा वर्षांत नदीवर दोनदा-तीनदा गाठ पडली असेल, तीही चार बायकांत. आज एकटीच आली. कपाळावर घाम, पदरात नाचणीची भाकर बांधलेली.

“धागा आणलाय,” ती म्हणाली. “तो जव्हारला गेला झाड बघाया. मी उंद्या जाईन तिकडं.”

लाडक्यानं मान डोलवली. दोर खुंट्याला बांधलेला होता. फागीनं त्या खुंट्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. जाऊन तिनं गाठ सोडली, टोक हातावर गुंडाळलं आणि पाय रोवून उभी राहिली.

“फिरव,” ती म्हणाली.

त्यानं ढेरा फिरवला. पीळ चढत गेला तशी ती पावलापावलानं पुढे आली. तिचा हात विसरला नव्हता. लाडक्याला वाटलं, मधली बारा वर्षं कुणीतरी उकलून बाजूला ठेवली आहेत. अंगणात कोंबड्या होत्या, नदीचा आवाज होता, आणि दोर अगदी सारखा उतरत होता, कुठे गाठ नाही. असं सुख त्याला आईच्या मागे कधी झालं नव्हतं.

दोर संपला तेव्हा दोघं चार हातांच्या अंतरावर आली होती. फागी हसली. तिचे पुढचे दोन केस पिकलेले त्याला दिसले.

“एक इचारू?” ती म्हणाली. “तवा तोंड कां नाय उघाडलास?”

लाडक्याच्या हातातला ढेरा तसाच राहिला.

“मी आखा पावसाळा वाट बघली व्हती,” फागी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, रडंही नव्हतं. जुनं काहीतरी सापडलं म्हणून दाखवावं तसं तिनं ते सांगितलं. “बेस झालां जी झालां. तो चांगला हाय. पण बघली व्हती वाट.” तिनं पदराचा तांबडा धागा ओढून काढला, दोरावर ठेवला आणि निघून गेली.

तिची पावलं वाटेवर ऐकू येईनाशी झाल्यावर लाडक्या कडी करायला बसला. टोक उकललं. पहिली गुंफ, दुसरी गुंफ, तिसरी. धागा आत घातला. आणि तेव्हा तो विचार आला. बोलावलेला नव्हता. पोश्या नसता तर. एवढाच. पुढे त्याला काही शेपूट नव्हतं. पण लाडक्याला घाम फुटला. इतक्यात वाटेवरून हाक आली. कचेरीचा शिपाई तुका घाम पुसत अंगणात शिरला आणि हुकूम सोडू लागला. उद्या सकाळीच फांदी उतरवायची, कारकून तापलेत, दोर आत्ताच्या आत्ता दे. लाडक्याचे हात चालत होते. तुका बोलत होता. मेण चोळलं, सुतळी गुंडाळली. नवा दोर तो एक रात्र दगडाचं ओझं लावून झाडाला टांगत असे, तेही राहिलं. तुकानं दोन्ही दोर खांद्यावर घेतले आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाडक्या डोहावर राखून ठेवलेली वाळकी साल भिजत घालायला गेला. पाण्यात हात घातला आणि सवयीनं बोटं मनातल्या मनात कडी करू लागली. पहिली, दुसरी, तिसरी, धागा. आणि पुढे काहीच नाही. चौथी त्याला आठवेना. पाचवी तर नाहीच. धागा घातला, तो विचार आला, तुका आला, सुतळी गुंडाळली. मधल्या दोन गुंफी त्याच्या आठवणीत कुठेच नव्हत्या.

तीन गुंफींची कडी झटकन सुटत नाही. ती भार घेते, घोटभर धीर देते, आणि माणूस पुरता बाहेर झुकला की सरकते. लाडक्याला हे जेवढं ठाऊक होतं तेवढं दुसऱ्या कुणाला नव्हतं.

साल पाण्यावर तरंगत गेली तिकडे त्यानं बघितलं नाही. तो पळत सुटला. जव्हार तिथून पाच कोस, आणि सगळी चढण. वैशाखाचं ऊन, पायात काही नाही. पळता पळता त्याला एकच गोष्ट खात होती. विसरलो असेन तर ती चूक. पण हाताला माझ्या मनातलं कळलं असेल तर? बारा वर्षांत एक गुंफ चुकली नाही, आणि नेमका तो विचार आला त्याच दिवशी चुकावी? वाटेत कुणीतरी विचारलं, काय रे लाडक्या, वाघ लागलाय का मागं? तो थांबला नाही.

कचेरीमागे जत्रेसारखी गर्दी होती. कैऱ्या पडतील म्हणून पोरं टोपल्या घेऊन आलेली. कारकून छत्री उघडून उभे. फागी आंब्याच्या पलीकडे, पाण्याचं मडकं शेजारी ठेवून बसलेली. आणि वर, तीन माणसांच्या उंचीच्याही वर, पोश्या बेचक्यात बसून पट्ट्याला कडी अडकवत होता. आता तो पाय सोडून बाहेर झुकणार होता.

“पोश्या!” लाडक्याचा आवाज फाटला. “दोरावं भार देऊ नको! खोड धर! खोड धरून उतर!”

सगळी गर्दी वळली. पोश्यानं खाली बघितलं. लाडक्याला बघून त्यानं काही विचारलं नाही. कडी सोडली, दोर खांद्यावर टाकला, खोडाला मिठी मारली आणि सरसर खाली आला.

“काय भानगड आहे?” कारकून ओरडले.

 लाडक्यानं पोश्याच्या हातातला दोर घेतला, मातीत बसला आणि कोयत्यानं कडीवरची सुतळी कापली. गर्दीतून हाय असा आवाज आला. चढायच्या दिवशी चढणाऱ्याच्या दोराला पातं लावणं म्हणजे भलता अपशकुन. लाडक्यानं मेण खरवडलं.  टोकाकडून तो गुंफ उकलू लागला. एक निघाली. दुसरी निघाली. आणि मग तांबडा धागा दिसला.

म्हणजे धाग्याच्या पुढे दोन गुंफी होत्या, आत्ता निघालेल्या त्याच. चौथी आणि पाचवी, दोन्ही जागच्या जागी, नेहमीसारख्या, नेहमीपेक्षाही घट्ट. त्याच्या हातांनी आपलं काम केलं होतं आणि त्याला कळवलंही नव्हतं.

“म्हणजे दोर नीट होता?” कारकुनांनी विचारलं.

“व्हता,” लाडक्या म्हणाला.

“मग त्याला उतरवलंस कशाला, शहाण्या?”

या प्रश्नावर लोक पोट धरून हसले. दोरवळ्याला स्वतःचाच दोर ओळखता येईना. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं सकाळी सकाळी ताडी चढली. कारकून म्हणाले, अशा वेडपटाचा दोर यापुढे कचेरीत नको, आणि चहा घ्यायला आत गेले. बारा गावांत मिळवलेलं नाव एका सकाळी मातीत गेलं. लाडक्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याला एवढंच वाटत होतं की रडू येऊ नये.

फागी हसली नव्हती. तिनं एकदा त्या उकललेल्या कडीकडे बघितलं, एकदा लाडक्याच्या रक्ताळलेल्या पायांकडे. काल आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं मडकं उचललं आणि विहिरीकडे गेली.

माणसं सावलीला पांगली. पोश्या लाडक्याच्या शेजारी मातीत बसला.

“का झालां?”

“मना वाटलां, दोन गुंफी ऱ्हायल्या.”

“तुझ्या? गुंफी? ऱ्हायल्या?”

लाडक्यानं मान खाली घातली. आता लपवून काय करायचं होतं! बारा वर्षांपूर्वी उघडायला हवं होतं ते तोंड त्या दिवशी, नको त्या माणसासमोर, उघडलं. “माझ्या मनात खोट आली व्हती, पोश्या. दोर करताना. मना वाटलां, हातानं ती ऐकली.”

 पोश्यानं दोराचं उकललेलं टोक हातात घेतलं, पेड बोटांवर फिरवले.

“तुला का वाटतां, मना ठावं नाय?” तो म्हणाला. नेहमीचा मोठा आवाज नव्हता. “पयल्या वरसी तू धागा हातात धरून बसलास, तवाच कळलां. भाकर भाजून व्हती तेवढा वेळ बसलास.”

लाडक्यानं वर बघितलं.

“घरी गेलू तवा ठरवलां, दुसऱ्याकडं जावां. मंग इचार केला. दुसऱ्याचा दोर तुटंल, मी मरंन, तो चार दिस हळहळंल आन् दुसरा दोर वळंल. तुझ्या दोरानं फागी रांडावली तं तू जगशील कं?” पोश्यानं दोर त्याच्या मांडीवर टाकला. “म्हून मी दुसऱ्याचा दोर घेत नाय. लोकांना वाटतां, माज हाय.”

कचेरीच्या कौलांवर कावळे बसले होते. लाडक्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही, कारण हातांना मेण लागलं होतं.

“तिला ठावं हाय, की तुला ठावं हाय?” त्यानं विचारलं.

“मी कंदी इचारलां नाय,” पोश्या म्हणाला. “तूपण नको इचारू. आथा कडी कर. ऊन चढलां.”

लाडक्यानं कडी केली. एकेक गुंफ मोजून, ओठ हलवत, नुकत्याच शिकायला लागलेल्या माणसासारखी. पोश्या शेजारी बसून कैरी खात होता आणि त्याच्या हातांकडे बघतही नव्हता. विहिरीवरून फागी आली, तिनं दोघांना पाणी दिलं.

मग पोश्या वर गेला. बेचक्यात बसून त्यानं कडी पट्ट्याला अडकवली. कुठलाही चढणारा नवी कडी आधी हिसका देऊन बघतो, दोनदा, तीनदा. पोश्यानं हिसका दिला नाही. दोन्ही हात सोडले, पाय सोडले आणि आपला सगळा भार एकदम दोरावर टाकला.